सुईची भीती आणि आपली लेकरं

अठरा-एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. जीएनएम होऊन मला फार दिवस झाले नव्हते. बालरुग्ण वॉर्डात रात्रपाळी होती. सहा वर्षांचा एक मुलगा ताप आणि हातपाय दुखतात म्हणून भरती झाला. सिकलसेलचा, एसएस पॅटर्नचा. अंगातलं पाणी कमी झालेलं, शिरा बसलेल्या. सलाईनसाठी इंट्राकॅथ घालायचं होतं. आईला बाहेर पाठवलं, मुलाला चादरीत गुंडाळलं. मावशींनी खांदे धरले, वॉर्डबॉयनं हात धरला आणि मी पाय. पहिल्यांदा शीर सापडली नाही. दुसऱ्यांदा सापडली आणि फुटली. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पाचव्या वेळी लागलं. तोपर्यंत पोराचा आवाज बसला होता. वरिष्ठ सिस्टर हातमोजे काढता काढता म्हणाल्या, "ही पोरं चिवट असतात, यांना काही होत नाही." 'ही पोरं' म्हणजे कोणती, ते मला कळलं. मीही त्याच वस्तीतून शिकून आलेली. पण मी काही बोलले नाही. पाय मीच धरले होते ना.

आठ-नऊ महिन्यांनी तोच मुलगा परत आला, या वेळी श्वास लागलेला, छातीत जंतुसंसर्ग. आई कपाळाला हात लावून सांगत होती, "तीन दिवस झाले सिस्टर, यानं सांगितलंच नाही जी. दुखते म्हटलं तर सुई टोचतात म्हणून गप राह्यला. ताप आला तर गोधडीत तोंड लपवून झोपे." मुलगा वाचला, पण अठरा दिवस दवाखान्यात काढून.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. सुई टोचताना आपण मुलाशी कसं वागतो, हा लाडाचा किंवा कौतुकाचा विषय नाही. सुईला भ्यालेलं मूल पुढच्या वेळी दुखणं लपवतं. आणि सिकलसेलच्या मुलानं ताप लपवला, तर ते त्याच्या जिवावर बेतू शकतं. अशा मुलांची प्लीहा नीट काम करत नाही, जंतुसंसर्ग झपाट्यानं पसरतो. म्हणून त्यांचा ताप घरी अंगावर काढायचा नसतो, त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा असतो. आता ज्या मुलाला दवाखाना म्हणजे चार माणसांनी दाबून धरणं एवढंच ठाऊक आहे, ते आपणहून कशाला सांगेल?

विदर्भातल्या वाचकांना सिकलसेलची ओळख करून द्यायला नको. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली. आदिवासी समाजात आणि पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आपल्या बौद्ध समाजात त्याचं प्रमाण जास्त आहे. (हा रक्तातला 'जातीचा दोष' नव्हे. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकलं, कारण वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्येही आहे. लग्न जमवताना कुजबुजणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.) १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असं त्याचं उद्दिष्ट आहे. चांगलंच आहे. पण तपासणी म्हणजे बोटाला टोचणं. त्यात दोष दिसला की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीसाठी पुन्हा रक्त. मूल एसएस निघालं की जन्मभर रक्ततपासण्या, हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी सीबीसी, दुखणं उठलं की सलाईन, कधी रक्त चढवणं, शिवाय नेहमीच्या आणि जादा लसी. इतर मुलांना वर्षात एखादी सुई, आपल्या या मुलांना डझनभर. म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर घ्यायचा हट्ट मी संपादकांकडे धरला.

लहान मुलाला दुखतच नाही, असं एके काळी डॉक्टरही मानत. तान्ह्या बाळाच्या मज्जासंस्थेची वाढ अपुरी असते, त्याला कळत नाही, पुढे आठवतही नाही, अशी समजूत होती. १९८५ साली अमेरिकेत जेफ्री लॉसन नावाच्या मुदतीआधी जन्मलेल्या बाळावर हृदयाजवळची शस्त्रक्रिया झाली. त्याला हालचाल बंद करणारं औषध दिलं होतं, वेदना बंद करणारं नाही. बाळ काही आठवड्यांनी गेलं. नंतर आईला खरा प्रकार समजला तेव्हा तिनं तो जगासमोर मांडला. त्याच सुमारास, भारतात वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद याच प्रश्नावर काम करत होते. १९८७ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की शस्त्रक्रियेच्या वेळी वेदनाशामक मिळालेल्या मुदतपूर्व बाळांच्या शरीरावर ताण कमी येतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. १९९७ मध्ये कॅनडातल्या अ‍ॅना टॅडिओ यांनी आणखी एक गोष्ट समोर आणली. जन्मानंतर बधिर न करता सुंता केलेली मुलं चार-सहा महिन्यांनी लस टोचताना इतर मुलांपेक्षा जास्त कळवळतात. 'त्याला काय आठवतंय' म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. मनाला नसेल आठवत, शरीराला आठवतं.

तान्ह्या बाळांबद्दलची ती समजूत आता गेली. पण 'ही पोरं चिवट असतात' ही समजूत गेली का? अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातला २०१६ चा एक अभ्यास आहे. गोरे वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टर यांना प्रश्न विचारले, तर जवळपास निम्म्यांचा काळ्या लोकांच्या शरीराबद्दलच्या किमान एका खोट्या समजुतीवर विश्वास होता, जसं की त्यांची कातडी जाड असते. आणि ज्यांचा असा विश्वास होता, ते काळ्या रुग्णाचं दुखणं कमी मोजत होते. आपल्याकडे कुणी असा कागद भरून घेतलेला माझ्या पाहण्यात नाही. पण वॉर्डात वीस वर्षं काढलेल्या कुठल्याही आपल्या सिस्टरला विचारा. कुणाच्या मुलासाठी 'बाळाला दुखेल हं, हळू' म्हटलं जातं आणि कुणाच्या मुलासाठी 'धर रे याला घट्ट', हे ती सांगेल. आडनाव, कपडे, वस्तीचा पत्ता, आईची भाषा, सगळं त्या दोन वाक्यांच्या मधे उभं असतं.

हे दुसऱ्यांबद्दल झालं. आता थोडं आपल्याबद्दल, राग मानू नका.

आपल्या घरांत मुलाला धीर देण्याची एक खास पद्धत आहे. "भीमाचा वाघ आहेस ना? वाघ रडतो का?" मागे एका शिबिरात एका आजोबांनी पाच वर्षांच्या नातवाला असंच बजावून टेबलाशी आणलं. पोरानं दात आवळले, डोळ्यांतून पाणी येऊ दिलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र त्याचा हात धरला होता, तो लाकडासारखा ताठ झाला होता आणि गार पडला होता. रडला नाही याचा अर्थ दुखलं नाही असा होत नाही. फक्त त्यानं ते सांगायचं बंद केलं. आणि सांगायचं बंद केलेलं मूल काय करतं, ते वर लिहिलंच आहे. आपल्या पूर्वजांनी अन्याय मुकाट सोसला, तो सोसणं थांबवायलाच बाबासाहेब उभे राहिले. मग लेकराला सोसायला कशाला शिकवायचं? आणि वाघाचंच म्हणाल, तर १९२६ साली राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना लिहिलेलं पत्र काढून वाचा. पोटची चार मुलं गमावलेल्या बापानं आपलं दुःख त्यात झाकून ठेवलेलं नाही.

दुसरी पद्धत याहून वाईट. "गप बस, नाहीतर सिस्टरला सांगून सुई टोचायला लावीन." जेवत नाही म्हणून सुई, झोपत नाही म्हणून सुई, अभ्यास करत नाही म्हणून सुई. मग खरोखर दवाखान्यात गेल्यावर मुलाला वाटतं, आपण काहीतरी गुन्हा केला, त्याची ही शिक्षा. तिसरी पद्धत खोटं बोलण्याची. "फिरायला जातोय", "डॉक्टर नुसतं बघतील", "मुंगी चावल्यासारखंसुद्धा नाही होणार." एकदा खोटं पकडलं गेलं की पुढच्या वेळी मूल खरोखर बागेत जायलाही तयार होत नाही.

संयुत्त निकायातल्या सल्ल सुत्तात तथागतांनी दोन बाणांची उपमा दिली आहे, ती विहारात आपण ऐकलेली असते. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा मनाच्या. सुत्तात तो दुसरा बाण माणूस स्वतःच ओढवून घेतो. लेकराच्या बाबतीत मात्र तो आपण मोठी माणसं मारतो, धमकीनं, खोट्यानं आणि जबरदस्तीनं. सुईचा बाण टाळता येत नाही, रक्त घ्यावंच लागतं, लस द्यावीच लागते. पण त्या बाणाचं टोकही बरंच बोथट करता येतं आणि दुसरा बाण तर पूर्ण टाळता येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये लसीकरणाच्या वेदना कमी करण्याबद्दल सगळ्या देशांना शिफारशी केल्या. त्यातल्या बहुतेकांना एक रुपयाही लागत नाही.

तान्ह्या बाळासाठी सगळ्यात चांगलं औषध आईजवळ असतं. सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या लसींना जाताना सैल ब्लाउज किंवा गाऊन घाला, ओढणी न्या आणि टोचायच्या थोडं आधी बाळाला अंगावर घ्या. पितं बाळ टोचलं तरी चालतं. बाळ नीट प्यायला लागलं की मग सुई, आणि सुईनंतरही पाजणं चालू. एएनएमताईंना आधी सांगून ठेवा, त्या थांबतील. दूध श्वासनलिकेत जाईल अशी भीती बऱ्याच जणींना वाटते, पण संघटनेनं हीच पद्धत सुचवली आहे. काही कारणानं अंगावर पाजता येत नसेल तर बाळाला उघड्या छातीशी धरा, कातडीला कातडी लागू द्या. नवजात बालकांच्या कक्षात टाचेतून रक्त घेताना सिस्टर कधी साखरेच्या पाण्याचे थेंब जिभेवर देतात, त्यानंही काही मिनिटं वेदना कमी होते. पण ते मोजून, त्यांच्या हातून. घरी कुणी मध चाटवायला पुढे आलं तर हात जोडून नको म्हणा. वर्षाखालच्या बाळाला मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

थेंबाची लस आणि सुईच्या लसी एकाच दिवशी असतील तर आधी थेंब, मग सुया, आणि जी लस जास्त झोंबते ती सगळ्यात शेवटी. हे ताईंच्या हातात आहे, पण आठवण करून द्यायला हरकत नाही.

वर्षाच्या पुढच्या मुलाला टेबलावर आडवं पाडू नका. आडवं पडलेल्या मुलाला वरून चार चेहरे वाकलेले दिसतात. तुम्ही स्वतः तसे पडून बघा, छातीत धडधडतं. त्यापेक्षा आईनं किंवा बाबानं खुर्चीवर बसावं, मुलाचे दोन्ही पाय आपल्या कमरेच्या दोन बाजूंना सोडावेत आणि त्याला छातीशी घ्यावं. एक हात आईच्या काखेतून मागे जातो, दुसरा बाजूला मोकळा राहतो, त्या हातातून रक्त घेता येतं किंवा दंडात लस देता येते. मांडीत टोचायचं असेल तर मूल आडवं मांडीवर, त्याचे पाय आपल्या दोन्ही गुडघ्यांमध्ये. मूल हलत नाही, पण त्याला बांधल्यासारखं वाटत नाही. त्याला वाटतं, आईनं कुशीत घेतलंय. मी नोकरीत असतानाच हे शिकले आणि मग कळलं की आधी आम्ही तीन माणसं जे काम घाम गाळून करत होतो, ते एक आई बसल्या बसल्या करते.

आईला बाहेर काढण्याची रीत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. "आई असली की जास्त रडतं" असं आम्ही म्हणायचो. खरंय, रडतं. कारण आईजवळच रडायची सोय असते. तुम्ही शांतपणे सांगा, "सिस्टर, मी आत थांबते, मी याला धरते, मध्ये बोलणार नाही." बहुतेक वेळा ऐकतात. आईला स्वतःलाच रक्त बघवत नसेल तर बाबा, आत्या, आजी कुणीही चालेल. पण एकच माणूस. आणि बोलायचंही एकानंच. चौघं चार बाजूंनी "झालं झालं", "बघ कावळा", "रडू नको", "शाब्बास" ओरडतात तेव्हा मूल आणखी बिथरतं.

काय बोलायचं, हेही महत्त्वाचं आहे. "घाबरू नको, घाबरू नको" असं पुन्हा पुन्हा म्हटलं की मुलाला कळतं, घाबरण्यासारखं काहीतरी आहे. संशोधनातही असं आढळलंय की नुसत्या धीराच्या शब्दांपेक्षा मुलाचं लक्ष दुसरीकडे नेणं जास्त कामी येतं. खरं ते थोडक्यात सांगा. "सिस्टर तुझ्या हातातून थोडं रक्त घेणार आहेत. चिमटा काढल्यासारखं वाटेल. तू पाचापर्यंत मोज." चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला हे अगदी आयत्या वेळी सांगावं, नाहीतर रात्रभर त्याच चिंतेत राहतं. शाळेत जाणाऱ्या मुलाला आदल्या दिवशी सांगितलेलं बरं, त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो.

लक्ष वळवायला खेळण्याची गरज नाही. लहानग्याला चाव्यांचा जुडगा, खुळखुळा. तीन-चार वर्षांच्या मुलाला साबणाचे फुगे, पिपाणी, कागदाची भिंगरी. फुंकर मारताना श्वास आपोआप लांब होतो, अंग सैल पडतं. त्याहून मोठ्याला सांगा, सुई टोचताना एकदा खोक. ऐकायला गमतीचं वाटेल, पण खोकण्याच्या त्या क्षणात टोचणं निघून जातं. मोबाइलही चालेल. एरवी मी मोबाइलविरुद्ध भाषण देते, या दोन मिनिटांपुरती माझी माघार. मोठ्या मुलांपैकी कुणी विहारात आनापान शिकलेलं असेल तर त्याला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगावं, मात्र ते घरी सवयीचं असेल तरच. आयत्या वेळी शिकवून काही होत नाही.

मुलाला निवड द्या, पण खरी. "सुई घ्यायची का?" हा प्रश्न विचारू नका, कारण तो 'नाही' म्हणेल आणि तुम्ही तरी टोचाल. "डाव्या हातात की उजव्या?" "बघायचं की तोंड फिरवायचं?" हे विचारा. काही मुलांना सुई बघायची असते, त्यांना बघू द्या. घरी बाहुलीला सुई देण्याचा खेळ खेळा, पेन किंवा काडीनं. दवाखान्याच्या मागे पडलेली सिरिंज खेळायला देऊ नका! आपल्या वस्त्यांत मुलं ती उचलून आणतात आणि पिचकारी करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हा एक वेगळाच लेख होईल.

दहा आणि सोळा वर्षांच्या टीडीच्या लसी शाळेत दिल्या जातात. या वयात रडणं कमी आणि चक्कर जास्त. एक मुलगी कोसळली की पाठोपाठ पाच कोसळतात आणि गावात लसीबद्दल अफवा. उपाशीपोटी रांगेत उभं करू नये, बसवून किंवा आडवं करून टोचावं, नंतर पंधरा मिनिटं बसवून ठेवावं. जिला आधी चक्कर आलेली आहे तिला मांड्या आणि दुसऱ्या हाताची मूठ आवळायला, सोडायला सांगावं, रक्तदाब खाली जात नाही. टोचायचा हात मात्र सैल.

आता पुन्हा सिकलसेलच्या मुलांकडे येते, कारण त्यांच्यासाठी काही गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली आणि महत्त्वाची: बर्फ नको. सुईआधी बर्फ लावून जागा बधिर करायची युक्ती हल्ली अनेक जण सांगतात, गार फवाराही मिळतो. इतर मुलांना ते चालतं. सिकलसेलच्या मुलाला गारठ्यानं रक्तवाहिन्या आकसून दुखणं उठू शकतं. त्यांना ऊब हवी. रक्त द्यायला जायच्या आदल्या संध्याकाळपासून भरपूर पाणी पाजा, मनाई केली नसेल तर सकाळीही. हिवाळ्यात स्वेटर, हातमोजे घालून न्या. टोचण्याआधी कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं हाताला पाच-दहा मिनिटं गुंडाळा, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा. शीर वर येते आणि पाच वेळा टोचण्याऐवजी एकदाच टोचून काम होतं. कुठल्या हाताची कुठली शीर चांगली लागते ते वहीत लिहून ठेवा आणि सिस्टरना सांगा. त्यांना राग येत नाही, मदतच होते.

ज्यांना वारंवार सुया लागतात त्यांच्यासाठी लिडोकेन-प्रिलोकेनचं बधिर करणारं मलम मिळतं. ते जाड थरात लावून वर प्लास्टिकची पट्टी चिकटवून साधारण तासभर ठेवावं लागतं, म्हणून घरून लावून निघायचं. पण आधी डॉक्टरांना विचारून. तान्ह्या बाळाला किंवा जीसिक्सपीडीची कमतरता असलेल्या मुलाला त्यातून रक्ताचा त्रास होऊ शकतो, आणि विदर्भात ही कमतरताही आढळते. मलम विकत घ्यावं लागतं, सगळ्यांना परवडेलच असं नाही. सिकलसेलच्या मुलांसाठी ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळावं, ही मागणी आपण निवेदनात घातली पाहिजे. आपल्या निवेदनांत इमारती असतात, यंत्रं असतात, मुलाचं दुखणं नसतं.

आणखी एक मागणी रुग्णाच्या बाजूनं कुणीही तोंडी करू शकतं. एकाच व्यक्तीनं दोनदा प्रयत्न करून शीर लागली नाही तर थांबायचं आणि जास्त सरावाच्या माणसाला बोलवायचं. चांगल्या बालरुग्ण विभागांत ही पद्धत असते. "सिस्टर, थोडं थांबून दुसऱ्या कुणाला बोलावता का?" एवढं बोलायला एमबीबीएस लागत नाही. जीव धोक्यात असेल, मूल बेशुद्ध असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे सेकंद मोजायचे असतात.

जखमेला टाके घालताना बधिर करणारं इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटं जाऊ द्यावी लागतात. घाईत तेवढा वेळही दिला जात नाही, तेव्हा "बधिर झालं का, बघता का?" असं विचारावं. भाजलेल्या मुलाचं ड्रेसिंग बदलताना चिकटलेली पट्टी सलाईननं भिजवून सोडवायला सांगा आणि वेदनाशामक आधी अर्धा-पाऊण तास मिळालंय का ते पाहा. लसीच्या आधीच मात्र पॅरासिटामॉल पाजून नेऊ नका, त्यानं टोचण्याची वेदना कमी होत नाही. नंतर ताप आला तर एएनएमताईंनी सांगितलेल्या प्रमाणातच द्या. टोचलेली जागा चोळू नका.

माझ्या नर्सभगिनींबद्दल दोन शब्द लिहिले नाहीत तर अन्याय होईल. एका सत्राला पन्नास-साठ बाळं, रजिस्टर, मोबाइलवरची नोंद, शीतपेटी, रांगेतली भांडणं, आणि वरून 'इतका वेळ का लागतो' ही विचारणा. मी त्या खुर्चीत बसलेली आहे. पण बसलेली आहे म्हणूनच सांगते, ट्रे मुलाच्या नजरेआड ठेवायला, त्याला नावानं हाक मारायला, आईला नीट बसवायला एक मिनिट लागतं, आणि ओरडणाऱ्या मुलाला चौघांनी धरून पाच वेळा टोचायला अर्धा तास. दवाखान्याच्या भिंतीवर रडक्या-हसऱ्या चेहऱ्यांचा तक्ता दिसतो ना, मुलानं बोट ठेवून किती दुखतं ते सांगायचा? तो १९८०च्या दशकात अमेरिकेत डोना वाँग या नर्सनं सहकारी कॉनी बेकर यांच्याबरोबर तयार केला. मुलांना विचारून विचारून.

सुई झाल्यावर घरी जाताना मुलाशी त्याबद्दल बोला. "फार रडलास" असं नको. "तू हात हलवला नाहीस, पाचापर्यंत मोजलंस" असं नेमकं. मुलं पुढच्या वेळी खऱ्या सुईपेक्षा सुईची आठवण घेऊन येतात.

वर लिहिलेला तो मुलगा आता चोविशीत आहे. त्याची आई मला अधूनमधून भेटते. तो नियमित गोळ्या घेतो, पण रक्त द्यायचं म्हटलं की अजूनही दोन दिवस जेवत नाही, तारखा चुकवतो. मोठ्या माणसाला कुशीत घेऊन बसता येत नाही. मागच्या महिन्यात मी त्याच्याबरोबर गेले, कोमट फडकं घेऊन. पहिल्याच वेळी शीर लागली. बाहेर आल्यावर म्हणाला, "ताई, तेव्हा पाय तुम्हीच धरले होते न?" मी हो म्हटलं.

१४ एप्रिलला आपल्या विहारात नेहमीप्रमाणे सिकलसेल तपासणीचं शिबिर आहे. या वर्षी मुलांचं टेबल वेगळं, पडद्याआड, आणि समोर आईसाठी बिनहाताची खुर्ची. साबणाचे फुगे आणि भिंगऱ्या युवक मंडळ आणणार, कोमट पाण्याचा थर्मास महिला मंडळाकडे. टाळ्या वाजवायच्या नाहीत, असं या वेळी माइकवरून आधीच सांगणार आहोत. मुलांना सकाळी खाऊन-पिऊन, पाणी पाजून आणा, आणि कशासाठी आणताय ते त्यांना सांगून आणा.